जे कुणी विकत घेत नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते म्हणे वक्त्याची प्रस्तावना लांबली की खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. म्हणून मी प्रस्तावना करत नाही. थेट नागोठण्याला जाऊ.

किनाऱ्यावरच्या प्लास्टिकबद्दल बोलताना आपण नेहमी मुंबईकडे बोट दाखवतो. त्यात खोटं काही नाही. मुंबई बंदराच्या तोंडाशी आपण अलिबागकर राहतो, ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीतून जे वाहत येतं त्यातलं पुष्कळसं मांडवा, किहीम, वरसोलीला लागतं. पण रायगडात प्लास्टिक नुसतं वाहून येत नाही, ते इथे तयारही होतं. १९८९ च्या सुमारास नागोठण्याला इंडियन पेट्रोकेमिकल्सचा गॅस क्रॅकर सुरू झाला. मुंबई हायचा वायू उरणला यायचा, तिथे त्यातून इथेन आणि प्रोपेन वेगळे करून नळानं नागोठण्याला पाठवले जायचे. तिथल्या भट्टीत त्यांचं इथिलीन व्हायचं आणि इथिलीनचे पॉलिथिलीन नावाचे पांढरे दाणे. १९९० च्या नोव्हेंबरात तिथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. सभागृहातल्या वयस्कर मंडळींना ते आठवत असेल. २००२ साली कारखाना रिलायन्सकडे गेला. आता अमेरिकेहून जहाजानं आलेला इथेन गुजरातेतल्या दहेजला उतरतो आणि पाइपलाइननं थेट नागोठण्यापर्यंत येतो.

कारखाना अंबा नदीच्या खोऱ्यात आहे. अंबा धरमतरच्या खाडीतून रेवसला समुद्राला मिळते. इथे तयार झालेले दाणे देशभर जातात, त्यांच्या पिशव्या, पाकिटं, दोर, बादल्या होतात, आणि त्यातला काही भाग कुठून कुठून फिरून त्याच रेवसच्या तोंडाशी कोळ्याच्या जाळ्यात सापडतो. दाण्याला भाव असतो. जाळ्यात सापडलेल्या चिंधीला नसतो. मधल्या प्रवासात हा भाव कुठे आणि का संपतो, एवढंच आज मला बोलायचं आहे.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं रसायन सोसून घ्या. किनाऱ्यावर काय सापडतं हे ठरवताना माणसांच्या सवयींइतकाच वाटा घनतेचा असतो. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. पॉलिप्रॉपिलीनची ०.९०, पॉलिथिलीनची ०.९१ ते ०.९६. म्हणून पिशव्या, बाटल्यांची झाकणं, दोराचे तुकडे, थर्माकोल तरंगतात आणि वाळूवर येतात. पाण्याची बाटली ज्या पीईटीची असते त्याची घनता १.३८, पीव्हीसीची त्याच्याही थोडी वर. बूच लावलेली बाटली आतल्या हवेवर तरंगत काशीदपर्यंत जाईल. बूच नसलेली खाडीच्या चिखलात जाईल. नायलॉनचं जाळं १.१४ वर, म्हणजे तेही बुडणारं. तुटून गेलेलं जाळं वर दिसत नाही, खाली मासे मारत राहतं आणि ते मासे कुणाच्याच टोपलीत येत नाहीत. पुळणीवर आपण जे पाहतो तो फक्त तरंगणारा हिस्सा आहे. पुळण साफ झाली म्हणजे समुद्र साफ झाला, हे समीकरण त्यामुळेच चुकतं.

हीच घनता भंगाराच्या धंद्यात रोज वापरली जाते, पुस्तकाशिवाय. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये किंवा आपल्या पेण-पनवेलकडच्या कुठल्याही भंगाराच्या गोडाउनात जाऊन पाहा. चुरा पाण्याच्या टाकीत टाकतात, तरंगेल ते एका बाजूला, बुडेल ते दुसऱ्या. तुकडा वाकवून आवाज ऐकतात, कड पेटवून धुराचा वास घेतात आणि हे कुठलं प्लास्टिक ते सांगतात. आमच्या प्रयोगशाळेत याला अर्धा तास लागायचा. या कामाला आपण अकुशल म्हणतो, हा आपला अडाणीपणा.

भंगारवाल्याच्या काट्यावर काय चढतं? पाण्याची बाटली चढते, तिला आपल्याकडे कुठल्याही कंपनीची असली तरी बिसलरीच म्हणतात. दुधाची पिशवी चढते. डबे, खुर्च्या, कॅन चढतात. वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, बिस्किटाचं वेष्टन मात्र चढत नाही. कारण त्या पाकिटात पॉलिथिलीन, पॉलिएस्टर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करायचा खर्च मालापेक्षा जास्त आहे. शिवाय वजन नाही. शेकडो पाकिटं वेचावीत तेव्हा कुठे किलो भरतो. ज्या बाईला संध्याकाळी तेल-मीठ घेऊन घरी जायचं आहे, ती पाकिटांसाठी वाकणार नाही. तिनं का वाकावं?

किनाऱ्यावरचा माल तर याहून वाईट. उन्हानं ठिसूळ झालेला, वाळू भरलेला, मीठ मुरलेला, कधी शंखशिंपले चिकटलेले. तो यंत्रात घातला तर पाती बोथट होतात. घरातून कोरडी आलेली पिशवी आणि नागावच्या वाळूतून उपसलेली पिशवी रसायनानं एकच असते, बाजारात नाही. आणि घेतली तरी पुन्हा वितळवताना तिच्या लांब साखळ्या तुटत जातात, निरनिराळे रंग आणि जाती मिसळतात. म्हणून पुनर्वापराचं घमेलं काळं असतं. काळ्या रंगात सगळी सरमिसळ झाकली जाते. जगाचा हिशेबही यापेक्षा उजळ नाही. २०१७ साली गेयर, जॅम्बेक आणि लॉ या तिघा संशोधकांनी मांडलेला आकडा आहे: तोवर कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी सुमारे ९ टक्क्यांचाच पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळलं गेलं आणि उरलेलं ७९ टक्के कचऱ्याच्या डेपोत किंवा उघड्यावर गेलं. बाटलीवरच्या तीन बाणांच्या त्रिकोणाकडे पाहताना हे लक्षात असावं.

आता डोलीकडे येतो, कारण आपल्या किनाऱ्याचं दुखणं तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

डोलीचं जाळं माशामागे धावत नाही. खुंट रोवून ते प्रवाहाच्या तोंडाशी बांधतात आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यातून गाळून निघतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात येतात. करंजा, बोडणी, थळ, साखर-आक्षी, कोर्लई, पार राजपुरीपर्यंत या जाळ्यावर गावं जगली. पूर्वी ही जाळी सणाची, सुताची असत. मग नायलॉन आणि पॉलिथिलीनची आली, टिकाऊ आणि हलकी, आणि त्याबद्दल नाखवांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पाणी गाळणाऱ्या जाळ्यात पाण्यातलं सगळंच येतं. उधाणाला जाळं ओढावं तर त्यात मासळीबरोबर पिशव्यांचा गाळ. जाळं जड होतं, प्रवाहाला तटतं, फाटतं. खलाशी मासळी निवडतो आणि बाकीचं परत पाण्यात टाकतो. त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी स्वतःला विचारा: होडीत जागा, डिझेल आणि वेळ त्याचा. ते काठावर आणून तो देणार कुणाला?

काठावरही काम संपत नाही. जवळा वाळत घातला की त्यातून प्लास्टिकचे बारीक तुकडे हातानं वेचून काढावे लागतात आणि ते करतात कोळणी. डोळ्यांना ताण, कंबरेला ताण, आणि मालात एक निळा तुकडा सापडला तर गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणजे जी बाई हे प्लास्टिक वापरत नाही, बनवत नाही, विकत नाही, तीच ते फुकट वेचते आणि वर नुकसानही सोसते. गेली कित्येक वर्षं आपल्या समुद्राची सफाई विनामोबदला चालू आहे. ती कुठल्याच अहवालात येत नाही.

सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिन होतो. आपल्याकडे शाळा-कॉलेजं, बँका, कंपन्या उतरतात. रेवदंड्याच्या धर्माधिकारी प्रतिष्ठानाच्या श्रीसदस्यांनी तर स्वच्छतेची कामं फार मोठ्या प्रमाणावर केली आहेत, शिस्तीनं केली आहेत. या श्रमांबद्दल मला आदर आहे. पण फोटो झाल्यानंतरचं दृश्य कुणी पाहिलंय का? भरलेल्या गोण्या ट्रॅक्टरमधून कुठे जातात? बहुतेक गावांत त्या खाडीलगतच्या खड्ड्याकडे जातात, तिथे कुणीतरी काडी लावतं, किंवा पुढच्या पावसाळ्यातलं उधाण त्या परत घेऊन जातं. एका जागचं प्लास्टिक दुसऱ्या जागी नेण्याला सफाई म्हणायची आपली जुनी खोड आहे. निसर्ग वादळानंतरही तेच झालं. ३ जून २०२० ला वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या, छपरं उडाली. मदत म्हणून ताडपत्र्या आल्या आणि त्या वेळी त्यांच्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. दोन पावसाळ्यांत उन्हावाऱ्यानं त्यांच्या निळ्या चिंध्या झाल्या. त्या परत गोळा कशा करायच्या, हे मदतीच्या यादीत कुठेच नव्हतं.

कायद्यांची आपल्याकडे टंचाई नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबली आणि २००६ मध्ये राज्याचा अविघटनशील कचऱ्याचा कायदा आला. २३ मार्च २०१८ ला राज्यानं मोठी बंदी जाहीर केली, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून केंद्रानं एकदाच वापरायच्या १९ वस्तूंवर बंदी घातली, त्यात स्ट्रॉ, चमचे, थाळ्या, सजावटीचा थर्माकोल वगैरे. चांगलंच झालं. पण वरसोलीच्या पुळणीवर जा आणि पायाशी पाहा. तिथे जे सर्वांत जास्त आहे, म्हणजे खाऊची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, ते त्या यादीत नाही. आणि एक वस्तू अशी की तिच्यावर दुहेरी बंदी आहे: गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आणि गुटख्याच्या प्लास्टिक पुडीवर केंद्राच्या नियमांत वेगळी बंदी. तरी ती पुडी वाळूत सापडतेच. बंदीचं सामर्थ्य किती, याचा अंदाज मी त्या पुडीवरून घेतो.

बंदीतून सुटलेल्या वेष्टनांसाठी २०२२ मध्ये केंद्रानं उत्पादकांची जबाबदारी ठरवली. जितकं प्लास्टिक बाजारात आणाल तितक्याची विल्हेवाट लावल्याची प्रमाणपत्रं घ्या. कल्पना बरोबर आहे, कारण बिल बनवणाऱ्याच्या नावानं फाडलं. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या पुनर्चक्रण उद्योगांनी सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं आढळलं. ते उद्योग गुजरात, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातले होते. कचरा न उचलता कागद उचलला गेला. आणि प्रमाणपत्र खरं असलं तरी कंपनीला वजन कुठूनही चालतं. ती शहरातला कोरडा, स्वच्छ, स्वस्त माल घेणार. कोर्लईच्या डोलीतली ओली चिंधी तिच्या हिशेबात कधीच बसणार नाही.

यंत्राबद्दल बोललं पाहिजे, कारण सभेत कुणीतरी नक्की विचारतं की यावर एखादी मशीन निघाली नाही का. निघाल्या आहेत. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. आर. वासुदेवन यांनी प्लास्टिकचा चुरा तापलेल्या खडीवर टाकून मग डांबर घालायची रीत बसवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच धर्तीवर नागोठण्याच्या कारखान्याच्या आवारात रिलायन्सनं सुमारे ५० टन टाकाऊ प्लास्टिक वापरून ४० किलोमीटर रस्ते केले, म्हणजे किलोमीटरला एक टनाहून थोडं जास्त. वेफर्सचं पाकीट इथे चालतं. पीव्हीसी चालत नाही, तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. म्हणजे इथेही निवडणारा माणूस लागतोच. पुण्यात पाकिटांपासून गॉगल करणारे आहेत, पिशव्या चरख्यावर कातून हातमागावर विणणारे आहेत. सिमेंटच्या भट्टीत पाकिटं जळतात, पण तशा भट्ट्या चंद्रपूरकडे. इथून घाट चढून विदर्भात पाकिटं पाठवायची तर भाडंच मालाला खाऊन टाकतं. रस्ता मला त्यातल्या त्यात पटतो, कारण रस्ते आपल्याला दरवर्षी करावेच लागतात आणि माल तालुक्यात राहतो. फक्त त्याला पुनर्वापर म्हणू नये. रस्ता उखडला की त्यातलं प्लास्टिक कुणी परत काढणार नाही, आणि झिजून ते मातीत किती जातं हा प्रश्न खुला आहे.

स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिकच्या युनिटसाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. शेड उभी राहते, चुरा करायचं यंत्र, गठ्ठे बांधायचं यंत्र येतं, फीत कापली जाते. पण हा पैसा उभारणीचा. यंत्रापुढे बसून ओलं-कोरडं निवडणाऱ्या बाईचा पगार त्यात नाही, विजेचं बिल नाही. ते ग्रामपंचायतीनं बघायचं. आणि पंचायतीला घरपट्टी वसूल करताना नाकी नऊ येतात.

इथे मला चरीचा संप आठवतो. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचं नाकारलं. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. भांडण साधं होतं: राबणाऱ्याच्या पदरात काय पडणार? ज्या जिल्ह्यानं हा प्रश्न सहा वर्षं उपाशी राहून विचारला, त्यानं तो कचऱ्याच्या बाबतीत कधी विचारलाच नाही. आपल्याकडे भंगार वेचतात कोण? पुष्कळदा कातकरी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, पावसाळ्यात शेतमजुरी, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत गोणी घेऊन रस्त्याकडेला. काम जिल्ह्याच्या गरजेचं, दर भंगारवाल्याच्या मर्जीचा, आणि ओळख चोर म्हणून.

हे बदलता येतं, पुण्यानं दाखवलं आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव, पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायकांनी महापालिकेकडून ओळखपत्र मिळवलं. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. घराघरातून कचरा उचलण्याचं दरमहा शुल्क त्यांना मिळतं आणि निघालेलं भंगार विकायचा हक्कही त्यांचाच राहतो. दुहेरी उत्पन्नाची ही मांडणी फार हुशारीची आहे. ज्या मालाला भाव नाही तो उचलण्याची मजुरी शुल्कातून येते, ज्याला आहे त्याचे पैसे काट्यावर.

समुद्राच्या बाबतीत केरळनं पाऊल टाकलं. कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ पासून ‘शुचित्व सागरम्’ योजना सुरू झाली. मच्छीमारांना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यांनी बंदरात आणायचं. तिथे बायका पगारावर ते धुऊन निवडतात, चुरा रस्त्याच्या डांबरात जातो. साखर-आक्षीला किंवा जीवनाबंदरला हे का होऊ नये? आपली मासेमारी सोसायट्यांतून चालते, डिझेलचा परतावा सोसायट्यांमार्फत मिळतो, म्हणजे होड्यांची नोंद आणि पैसे पोचवायची वाट तयार आहे. त्याच वाटेनं काठावर आणलेल्या प्लास्टिकचा किलोमागे दर द्या. बोंबलाएवढा नको. होडीतली जागा आणि पाण्यात न टाकण्याचा त्रास भरून निघेल एवढा.

पैसा कुठून आणायचा? अनामतीतून. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात पर्यटक दारूच्या बाटल्या जंगलात टाकत, हत्तींच्या पायात काचा जात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२२ पासून तिथे बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात, बाटली परत दिली की पैसे परत. बहुतेक सगळ्या बाटल्या परत येऊ लागल्या. जर्मनीत २००३ पासून पेयांच्या बाटल्यांवर अनामत आहे, एका बाटलीला २५ सेंट. आपल्या २०१८ च्या अधिसूचनेतही हे होतं: दुधाच्या पिशवीला ५० पैसे, पाण्याच्या बाटलीलाही अनामत. अंमल झालाच नाही. सुटे ५० पैसे आता कुणाच्या खिशातही नसतात. रक्कम अशी हवी की उचलायला हात खाली जाईल.

सबंध राज्यात हे अवघड असेल, अलिबागच्या किनाऱ्यावर नाही. इथे येणारा पर्यटक एकतर मांडव्याला उतरतो नाहीतर वडखळवरून कार्ले खिंडीतून येतो. मुरूडच्या बाजूचे थोडे रस्ते सोडले तर हीच दोन दारं. २०२० मध्ये मांडव्याची रो-रो बोट सुरू झाल्यापासून आणि २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून गर्दी वाढली, पण दारं तीच राहिली. या पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाण्याच्या आणि बिअरच्या बाटलीवर खूण आणि १० रुपये अनामत, आणि परत घ्यायची खिडकी जेट्टीवर आणि खिंडीत. पर्यटकानं वाळूत टाकली तरी ती तिथे राहणार नाही. दहा रुपयांसाठी कुणीतरी ती उचलेलच, आणि तो त्याचा हक्काचा पैसा असेल.

दुकानदार विरोध करतील, हे मला माहीत आहे. बाटल्या ठेवायला जागा कुठे, हिशेब कोण ठेवणार, बाहेरून आणलेल्या बाटल्या कशा ओळखायच्या, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि खिडकी दुकानात न ठेवण्याचं तेच कारण आहे. पण आपण भांडायचं त्याहून महत्त्वाच्या मुद्द्यावर. काही बाटल्या परत येणारच नाहीत. जर्मनीत त्या न परतलेल्या अनामतीचे पैसे पेय विकणाऱ्या कंपन्यांकडे राहतात. आपल्याकडे योजना आली तर पहिली खटपट तीच होईल, मसुद्यात एका ओळीत ती रक्कम कंपनीच्या किंवा सरकारी तिजोरीच्या नावे लिहिली जाईल आणि कुणाचं लक्ष जाणार नाही. त्या ओळीवर आपण हरकत घेतली पाहिजे. जी बाटली परत आली नाही ती बहुतेक पाण्यात गेली. तेव्हा तिची अनामत डोलीवाल्याच्या किलोच्या दराला, जवळा निवडणाऱ्या कोळणीच्या मजुरीला आणि तालुक्याच्या शेडमधल्या बाईच्या पगाराला गेली पाहिजे. आजच्या सभेचे अध्यक्ष स्वतः वकील आहेत. मसुद्यातली ती ओळ कशी असावी, हे त्यांनी समारोपात सांगावं अशी माझी विनंती आहे.